भट्टी निवाली, नगराचे काय?
माननीय केंद्रीय पोलादमंत्री यांस खुले पत्र

माननीय केंद्रीय पोलादमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली, यांच्या सेवेशी,



आपल्या दफ्तरात भद्रावतीसंबंधी जे अर्ज, जी निवेदने आणि शिष्टमंडळांची जी मागणीपत्रे येतात, ती बहुतेक एकाच आशयाची असतात: सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी उभारलेला लोखंड-पोलादाचा कारखाना चालू राहावा, त्याला स्वतःची लोहखाण मिळावी, त्यात नवे भांडवल घालावे. त्या मागण्यांचे मोल मी कमी लेखीत नाही. त्यांचा निकाल लावण्यास लागणारे अर्थशास्त्रीय ज्ञान आपल्या सल्लागारांपाशी माझ्यापेक्षा खात्रीने अधिक आहे. प्रस्तुत पत्राचा विषय पुष्कळच साधा आहे. नळाचे पाणी, रस्त्यावरचा दिवा, दवाखान्यातील परिचारिका, शाळेची कौले आणि आयुष्यभर भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर, एवढाच त्याचा विस्तार आहे. हे विषय पोलाद खात्याचे नव्हेत, असे आपले अधिकारी आपणांस सांगतील, आणि कागदोपत्री त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाईल. तथापि ते विषय आपल्या खात्याच्या पदरात कसे आले आणि त्यांतून आपले खाते सन्मानाने मोकळे कसे होऊ शकेल, हे मांडण्यासाठीच हा पत्रप्रपंच आहे.

पत्र खुले असल्यामुळे मराठी वाचकांसाठी एक खुलासा आधीच केलेला बरा. ही भद्रावती चंद्रपूर जिल्ह्यातील नव्हे. कर्नाटकाच्या शिमोगा जिल्ह्यात, भद्रा नदीच्या काठी, बिरूरहून शिमोग्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले हे नगर आहे. तेराव्या शतकातील होयसळ शैलीचे लक्ष्मीनरसिंहाचे देवालय येथे आजही उभे आहे, आणि कारखाना येण्यापूर्वी बेंकीपूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा गावाची ओळख त्या देवालयापलीकडे फारशी नव्हती.

या गावाविषयी पुण्यात बसून एका मराठी माणसाने का लिहावे, असा प्रश्न कोणी विचारील तर त्याचे उत्तर विश्वेश्वरय्यांच्या चरित्रातच आहे. त्यांनी स्थापत्याची विद्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात संपादन केली. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील त्यांच्या नोकरीचा प्रारंभ नाशिक-खानदेशात झाला. दातर्ती येथील पाटाच्या पाण्याचा सायफन आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी १९०३ साली बसविलेली स्वयंचलित दारे आमच्याकडील जुन्या अभियंत्यांच्या अजून बोलण्यात असतात. म्हैसूरच्या दिवाणगिरीवर १९१२ साली आरूढ होण्यापूर्वी गावाला पाणी कसे आणावे आणि सांडपाणी कसे काढावे, याचा अभ्यास त्यांनी ज्या प्रांतात केला, तो हा प्रांत. कारखान्याचा विचार करताना त्यांनी नगराचा विचार वेगळा ठेवला नाही, याचे मूळ मला तरी याच शिक्षणात दिसते.

भद्रावतीच्या कारखान्याची बांधणी १९१८ साली सुरू झाली आणि जानेवारी १९२३ मध्ये तेथे लोखंड वितळू लागले. दगडी कोळसा जवळपास कोठे नसल्यामुळे सभोवतालच्या मलनाडच्या अरण्यातील लाकडाचा कोळसा करून त्यावर झोतभट्टी चालवावी, कोळसा करताना निघणाऱ्या वाफांपासून मिथिल अल्कोहोल आणि डांबर काढावे, आणि खनिज बाबाबुडनच्या डोंगरातील केम्मणगुंडीहून आणावे, अशी ती योजना होती. लोखंडाचे जागतिक भाव उतरल्यामुळे आरंभीची वर्षे तोट्याची गेली. दिवाणगिरी सोडलेल्या विश्वेश्वरय्यांनी तरीही १९२३ ते १९२९ या काळात कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळून त्याला स्थिर केले, आणि त्या कामाचे जे मानधन त्यांना देय झाले ते बंगळूरच्या जयचामराजेंद्र व्यवसाय-शिक्षण संस्थेच्या उभारणीकडे वळविले. पुढे पोलाद आले, सिमेंट आले, गिरसप्पाची वीज मिळू लागल्यावर विजेच्या भट्ट्या आल्या, आणि १९३६ साली म्हैसूर पेपर मिल्स या कागद-कारखान्याचीही स्थापना याच गावी झाली.

आता हे ध्यानात घ्यावे की, या कारखान्याला लागणारी माणसे त्या गावात नव्हती. मलनाडचा तो मुलूख हिवतापाने पोखरलेला, पावसाळ्यात वाटा बंद पडणारा आणि वस्तीने विरळ असा होता. तमिळ, तेलुगू, मल्याळी, उर्दू आणि कन्नड बोलणारे कामगार दूरदूरच्या जिल्ह्यांतून आले, ते केवळ मजुरीच्या दरावर टिकणारे नव्हते. कुटुंबासह राहण्याजोगे घर, उकळून न घेता पिता येईल असे पाणी, तापाला औषध आणि मुलांना शाळा, एवढे मिळेल तरच भट्टीवर तिसऱ्या पाळीला माणूस उभा राहील, हे चालकांस पक्के ठाऊक होते. म्हणून घरे, दवाखाना आणि शाळा यांना कारखान्याच्या जमाखर्चात दानधर्माचे स्थान कधीच नव्हते. लाकूड, खनिज आणि चुनखडी यांच्याप्रमाणेच ती उत्पादनाची सामग्री होती. या उगमात एक गुण आहे आणि एक दोषही आहे, आणि भद्रावतीची आजची सारी अडचण त्या दोषातून निघाली आहे.

गुण आधी सांगतो. कारखान्याच्या वसाहतीतील दिनक्रम ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना त्यातील सुव्यवस्थेचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. भोंग्याच्या इशाऱ्यावर चुली पेटत, मुलांचे डबे भरले जात आणि सायकलींच्या रांगा फाटकाकडे वळत. नळ गळू लागला, गटार तुंबले, छपराचे कौल फुटले, तर वसाहतीच्या कचेरीतील तक्रारवहीत एक ओळ लिहावी आणि एकदोन दिवसांत नळकारागीर किंवा गवंडी दाराशी यावा, ही रीत भिलाईपासून भद्रावतीपर्यंत सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक वसाहतींत रूढ होती. कारण नळकारागीर, वीजतंत्री, झाडूवाला आणि परिचारिका ही सारी मंडळी भट्टीवरील फिटरप्रमाणेच त्याच हजेरीपटावर होती. पतपेढी, किफायती दरांचे धान्यभांडार, क्रीडांगण, करमणुकीचे मंडळ आणि सणासुदीचे सामाईक मांडव यांमुळे नाना भाषा बोलणारी माणसे एका पिढीच्या आत शेजारी झाली. ज्या काळात आपल्या बहुसंख्य तालुक्याच्या गावांत सार्वजनिक नळ ही चैन होती, त्या काळात कारखान्याच्या न्यू टाउन या वसाहतीतील कामगाराच्या घरात तोटी होती. या गोष्टीची थट्टा करणे सोपे आहे. तिची बरोबरी करणे आपल्या नगरपालिकांना अजूनही साधलेले नाही.

आता दोषाकडे वळू. या सुखसोयींचा हक्क माणसाला तो त्या गावचा रहिवासी म्हणून मिळालेला नव्हता. हजेरीपटावर त्याचे नाव होते म्हणून मिळालेला होता. घर श्रेणीप्रमाणे मिळे. अधिकाऱ्याच्या बंगल्यासमोर बाग आणि हंगामी मजुराच्या खोलीसमोर सामाईक मोरी, ही उतरंड सर्वांना मान्य होती. नदीकाठच्या जुन्या पेठेतील दुकानदार, शिंपी, न्हावी, भाजीवाली आणि हमाल ही मंडळी कारखान्याच्या पगारावरच जगत. परंतु कारखान्याच्या नळावर आणि दवाखान्यावर त्यांचा अधिकार नव्हता. पुढे कायम कामगारांची भरती थांबून कंत्राटी कामगारांची भरती वाढू लागली, तेव्हा तर एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला घर, औषध आणि मुलाची शाळा मिळावी व दुसऱ्याला यांतील काहीच मिळू नये, असा प्रकार देशभरच्या सार्वजनिक कारखान्यांत नित्याचा झाला. नागरिकत्वाची जागा नोकरीने घेतली होती, आणि नोकरी टिकली तोवर ते कोणाला खटकले नाही.

नोकरी कशी ओसरली, त्याचा इतिहास आपल्या खात्यात नोंदलेला आहे; म्हणून थोडक्यात सांगतो. म्हैसूर संस्थानाचा हा कारखाना पुढे राज्य सरकारची कंपनी झाला, त्याला विश्वेश्वरय्यांचे नाव मिळाले, १९८९ साली तो स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया म्हणजे 'सेल' हिच्या छत्राखाली आला आणि १९९८ साली तीत विलीन झाला. लक्षावधी टन पोलाद काढणाऱ्या कारखान्यांच्या पंक्तीत हा लहान, जुना आणि समुद्रापासून दूर असा कारखाना शेवटच्या पाटावर बसला. मिश्रपोलादातील त्याचे कौशल्य वादातीत होते. परंतु स्वतःची चालती लोहखाण हाताशी नसल्यामुळे बाजारभावाने खनिज घेऊन लोखंड काढणे त्याला परवडेना. इकडे कागदाच्या कारखान्यातील उत्पादनही २०१५-१६ च्या सुमारास बंद पडले आणि न्यू टाउनच्या जोडीला कागद-कारखान्याची वसाहत असलेले कागदनगरही पोरके झाले. पोलाद कारखाना विकण्यासाठी २०१९ साली देकार मागविण्यात आले, पुरेसे इच्छुक न मिळाल्यामुळे २०२२ साली तो बेत सोडण्यात आला, आणि जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे पहिले लोखंड वितळल्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. कामगारांनी आंदोलन केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग मिल अंशतः पुन्हा फिरू लागली. तोवर कायम कामगार काही शेकडाच उरले होते आणि हजाराहून अधिक कंत्राटी कामगारांच्या डोक्यावर अनिश्चिततेची तलवार टांगलेली होती. जनगणनेचे आकडेही तेच सांगतात: २००१ साली शहराची वस्ती १ लाख ६० हजारांच्या घरात होती, ती २०११ साली १ लाख ५१ हजारांवर उतरली. कर्नाटकातील बाकीची बहुतेक शहरे फुगत असताना हे शहर आकसत होते.

महोदय, कारखाना एका दिवसात बंद पडू शकतो; वसाहत मात्र तशी बंद पडत नाही. ती हळूहळू विरते, आणि तिच्या विरण्याची रीत सर्व औद्योगिक वसाहतींत सारखीच असते. प्रथम निवृत्त झालेल्या नळकारागिराची जागा भरली जात नाही. मग दवाखान्यातील शस्त्रक्रियागृह बंद होते, कारण भूलतज्ज्ञ सोडून गेलेला असतो. त्यानंतर क्ष-किरण यंत्र बिघडते आणि त्याच्या दुरुस्तीचा कागद मुख्य कचेरीकडे जाऊन तेथेच राहतो. पन्नास वर्षांपूर्वीची मुख्य जलवाहिनी फुटते, तेव्हा ती बदलण्याऐवजी तिला पट्टा आवळून वेळ मारून नेली जाते. दहा घरांच्या ओळीतील चार रिकामी झाली की त्यांच्या खिडक्या आणि दारे नाहीशी होतात, अंगणात गवत माजते, रस्त्यावरचे दिवे 'वापर नाही' या सबबीखाली मालवले जातात, आणि उरलेल्या सहा कुटुंबांतील बायका अंधारानंतर बाहेर पडेनाशा होतात. निवृत्त कामगार घर सोडीत नाही, कारण जन्मगावच्या घरी त्याची वाट पाहणारे कोणी उरलेले नसते. मग त्याच्या नावाने दंडात्मक भाडे निघू लागते आणि कालचा गुणवंत कामगार कागदोपत्री घुसखोर ठरतो.

या साऱ्यात कोणी एक अधिकारी दुष्ट आहे, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. अडचण व्यवस्थेत आहे. कंपनी म्हणते की, आमचे काम पोलाद काढणे आहे आणि उत्पादन नसताना नगरावर केलेला खर्च लेखापरीक्षकांपुढे समर्थनीय ठरत नाही. नगरसभा म्हणते की, जमीन, नळ आणि रस्ते कंपनीच्या मालकीचे आहेत. दुसऱ्याच्या मालमत्तेवर करदात्यांचा पैसा आम्ही कसा खर्चावा? राज्य सरकार म्हणते की, कारखाना केंद्राचा आहे. तिन्ही उत्तरे आपापल्या ठिकाणी कायदेशीर आहेत, आणि तिन्हींच्या मध्ये उभी असलेली म्हातारी हंडा घेऊन टँकरची वाट पाहात आहे.

वास्तविक राज्यघटनेने या प्रसंगाची तरतूद करून ठेवली आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांस घटनात्मक स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, रस्ते, दिवाबत्ती, उद्याने, स्मशानभूमी अशा अठरा विषयांची यादी दिली. त्याच दुरुस्तीतील २४३-थ या अनुच्छेदात असाही अपवाद आहे की, एखादा औद्योगिक कारखाना ज्या क्षेत्रात नागरी सेवा पुरवीत असेल किंवा पुरविण्याचे त्याने योजिले असेल, ते क्षेत्र औद्योगिक नगर म्हणून घोषित झाल्यास तेथे नगरपालिका न स्थापिली तरी चालेल. अपवादामागचा न्याय उघड आहे: सेवा कारखाना देत असेल तर नगरपालिकेची निकड नाही. त्याच न्यायाचा उत्तरार्ध असा की, कारखाना सेवा देईनासा झाला तर त्या सेवांचा भार नागरिकांनी निवडलेल्या संस्थेने उचलला पाहिजे; आणि तो उचलण्यासाठी तिच्या हाती मालमत्ता, माणसे आणि पैसा सोपविला पाहिजे. घोषणा झालेली असो वा नसो, प्रत्यक्ष व्यवहारात अशी वसाहत कंपनीच्या अंमलाखालीच वागते, आणि त्या न्यायाचा हा उत्तरार्ध लिहिण्याची जबाबदारी कोणाची, हे आपल्याकडे अजून ठरलेले नाही.

परदेशात ते ठरविण्याचा प्रयत्न झालेला आहे, आणि त्यात यश आणि अपयश दोन्ही आढळतात. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यात कॉन्सेट नावाचे डोंगरमाथ्यावरचे एक लहान गाव आहे. १८४० साली तेथे लोखंडाचा कारखाना निघाला. त्याच्या तांबड्या धुळीने गावावर कायमचा रंग चढविला होता. १२ सप्टेंबर १९८० रोजी राष्ट्रीयीकृत ब्रिटिश स्टीलने तो बंद केला आणि सुमारे ३,७०० माणसांची नोकरी एकदम गेली. एवढ्याशा गावावर तो आघात भयंकर होता. परंतु त्या दिवशी गावालगतचे रुग्णालय बंद पडले नाही, कारण ते राष्ट्रीय आरोग्य सेवेचे होते. शाळा बंद पडल्या नाहीत, कारण त्या परगण्याच्या परिषदेच्या होत्या. शिवाय कोळसा आणि पोलाद यांच्या युरोपीय समुदायाने १९५१ च्या आपल्या करारातच अशा कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद केलेली होती आणि तिचा निधी उत्पादनावरील करातून उभा केलेला होता, म्हणून नोकरी गेलेल्यांस काही काळ वेतनपूरक साहाय्य आणि नवे शिक्षण मिळू शकले. कारखान्याची जागा साफ करण्यात आली. दोन वर्षांच्या आत गावात खाद्यपदार्थांचा एक नवा उद्योग निघून देशभर नावारूपाला आला. जुन्या लोहमार्गांच्या भरावावरून आता सायकलस्वार समुद्रापासून समुद्रापर्यंत जातात.

कॉन्सेटचे हे चित्र गोड करून दाखविण्याचे कारण नाही. पोलादाचा पगार नव्या नोकऱ्यांना कधी देता आला नाही. तरुण माणसे न्यूकॅसल आणि डरहॅमकडे नोकरीसाठी रोज बसने जातात, कारण १९५५ साली बंद झालेली उतारूंची आगगाडी परत आली नाही. आणि ज्या रुग्णालयाचा वर उल्लेख केला त्याचेही अनेक विभाग पुढे मोठ्या शहरांकडे हलविले गेले. तथापि एक फरक कायम राहतो. कॉन्सेटच्या माणसाने पोलादाबरोबर नोकरी गमावली, नळ आणि दवाखाना गमावला नाही. कारण त्यांचा मालक वेगळा होता आणि तो मालक मतपेटीला बांधलेला होता. भद्रावतीत या सर्वांचा मालक एकच आहे.

दुसरे उदाहरण आमच्या घरचे आहे आणि ते सावधगिरीचे आहे. मुंबईच्या गिरणगावातील गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थंडावल्या, तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागा व नागरी सोयींसाठी महापालिकेला आणि एक-तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला मिळावा, असे ठरविले होते. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या जमिनीची करावयाची ठरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणाम काय झाला, हे परळ-लालबागच्या आकाशरेषेकडे पाहून कोणालाही कळेल. सार्वजनिक वाटा आधी मोजून, आखून आणि ताब्यात घेऊन ठेवला नाही, तर विक्रीच्या घाईत तो कागदावरच राहतो, हा त्यातील धडा आहे. भद्रावतीच्या वसाहतीची जमीन आज निर्जीव वाटत असेल. उद्या तिला गिऱ्हाईक मिळाले, तर नगराचा वाटा कोणी आठवून देणार नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कारखान्याच्या पुनरुज्जीवनाची बोलणी चालू असताना वसाहत वेगळी काढणे म्हणजे पराभव मान्य करणे होय. मला तसे वाटत नाही. नवी यंत्रे बसवून कारखाना उद्या पूर्ण क्षमतेने चालू झाला, तरी आजच्या तंत्रात जुन्या काळाच्या काही अंशानेच माणसे लागतील. एवढ्या थोड्या हजेरीपटावर शतकभर वाढलेले नगर तोलून धरणे नव्या चालकांनाही शक्य होणार नाही, आणि त्यांनी ते करावे ही अपेक्षाही अन्यायाची होईल. नगर वेगळे काढल्याने कारखान्याच्या खांद्यावरचा भार उलट हलका होईल. दुसरा आक्षेप पैशाचा आहे: नगरसभा गरीब आहे, ती हा भार पेलू शकणार नाही. हा आक्षेप खरा आहे. आणि म्हणूनच नुसत्या हस्तांतराच्या हुकुमाने काम भागणार नाही. मोडकळीला आलेली जलवाहिनी आणि औषधावाचूनचा दवाखाना नगरसभेच्या गळ्यात बांधून मोकळे होणे याला हस्तांतर म्हणत नाहीत.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, कारखान्याविषयी कोणताही अंतिम निर्णय घेण्यापूर्वी वसाहतीतील नागरी सोयींची एक नोंदवही तयार करवावी. जलशुद्धीकरण, टाक्या, नळ, गटारे, दिवे, रस्ते, शाळा, रुग्णालय, क्रीडांगणे, सभागृहे आणि स्मशानभूमी यांची आजची अवस्था व दुरुस्तीचा खर्च तीत लिहावा, आणि ती वही भद्रावतीच्या नागरिकांस कन्नडमध्ये वाचावयास मिळावी. पुढचे सारे व्यवहार या वहीवर उभे राहतील.

त्यानंतर या सोयी केंद्र, राज्य, कंपनी आणि नगरसभा यांच्यामधील लेखी कराराने टप्प्याटप्प्याने नगरसभेकडे जाव्यात, आणि हस्तांतराआधीच्या दुरुस्तीचा व पुढील काही वर्षांच्या देखभालीचा पैसा मालमत्तेबरोबरच तिच्या हाती पडावा. रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याने अथवा कर्मचारी राज्य विमा निगमाने चालवावे आणि त्याचे दार हजेरीपट न पाहता सर्व गावाला उघडे असावे. ज्या वास्तूत अजून खाटा आणि वाहते पाणी आहे, तीतच रुग्णालय चालू ठेवणे नवे बांधण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

घरांच्या बाबतीत आपल्याच घराण्यातील दाखला आहे. 'सेल'ने भिलाई आणि अन्य वसाहतींतील घरे कामगारांस व निवृत्तांस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली होती. तीच सवलत भद्रावतीत राहणाऱ्या निवृत्त कामगारांस आणि कामगारांच्या विधवांस परवडेल अशा दराने द्यावी. जो माणूस आपले घर स्वतःचे समजतो तो त्याची कौले स्वतः शाकारतो, हे सरकारी इमारतींचा अनुभव असलेल्या कोणासही पटावे. रिकाम्या घरांपैकी काही ज्यांनी त्याच फाटकातून वर्षानुवर्षे ये-जा केली त्या कंत्राटी कामगारांस द्यावीत. नव्या व्यवस्थेत तरी त्यांना जुन्या व्यवस्थेचा अपमान पुन्हा सोसावा लागू नये.

शेवटची विनंती जमिनीची. वसाहतीच्या जमिनीतून शाळा, मैदाने, रुग्णालय, बाजार आणि भावी लघुउद्योगांस लागणारे क्षेत्र आधी नगराच्या नावे आखून घ्यावे, सातबाऱ्याला तिकडे जे काही म्हणत असतील त्या उताऱ्यावर त्याची नोंद व्हावी, आणि उरलेल्या जमिनीचा विचार मागाहून करावा. गिरणगावात हा क्रम उलटा झाला.

महोदय, आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर उभारलेल्या पोलादनगरांना आता साठ-सत्तर वर्षे होत आली आहेत. खाणी संपतील, तंत्र बदलेल, आणि आज भरभराटीत असलेल्या कित्येक वसाहतींवर भद्रावतीचा प्रसंग ओढवेल. भद्रावती वयाने त्या सर्वांपेक्षा वडील असल्यामुळे तो तिच्यावर आधी आला, एवढेच. कारखान्याच्या मागे राहिलेल्या नगराची विल्हेवाट कशी लावावी, याचा कित्ता आपले मंत्रालय येथे घालून देऊ शकते. विश्वेश्वरय्यांच्या नावाची पाटी कारखान्याच्या फाटकावर राहील की जाईल, हे बाजार आणि मंत्रिमंडळ ठरवील. त्यांच्या नावाने वसलेल्या माणसांना पाणी, औषध आणि छप्पर मिळेल की नाही, हे ठरविणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. कारखान्याचा निर्णय आपण सवडीने घ्यावा. नगराचा निर्णय त्याच्या आधी घ्यावा, आणि तो लेखी घ्यावा, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.



आपला नम्र,
पुण्याचा एक नागरिक